बाबांची निळी वही

नौपाडा, ठाणे

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा नेरुळला आले तेव्हा टीव्हीच्या कपाटात तुमची निळी वही सापडली, बाबा. पेन्शनच्या साइटवरचं सूचनांचं पान रोज बघून लिहिलेली तारीख आणि पुढे तेच दोन शब्द, 'बदल नाही'. चार महिने! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशीसुद्धा आईच्या अक्षरात 'बदल नाही' आहे. परतीच्या लोकलमध्ये ठाणे येईपर्यंत तेच डोळ्यांसमोर होतं.

गेल्या वर्षी पेन्शनच्या कागदांची तारीख साइटवर गुपचूप बदलली आणि तुम्हाला भर उन्हात दोन खेपा पडल्या, हे मी विसरलेले नाही. म्हणून त्या पानावर आता व्हिज्युअलपिंग नावाच्या ऑनलाइन सेवेचा पहारा बसवलाय. ते रोज पान उघडतं, आधीच्या चित्राशी ताडून बघतं आणि फरक दिसला तरच ईमेल पाठवतं. बदललेला भाग त्यात रंगवलेला असतो. काकांनी सुचवलेलं गुगल अलर्ट वेगळं. तिथे आपण शब्द द्यायचा, त्याबद्दल नवीन काही गुगलला सापडलं की मेल येतो. एकाच पानावर ते नजर ठेवत नाही.

सुरुवातीला मला रोज मेल यायचा. बघितलं तर पानाच्या तळाशी साइटला भेट दिलेल्यांचा आकडा होता, तोच बदलत होता! मग फक्त 'सूचना'ची चौकट निवडली, तेव्हापासून शांत आहे. पण जुन्याच लिंकखाली पीडीएफ बदलली, तर पान दिसायला तसंच राहतं आणि याला पत्ता लागत नाही. तेव्हा दर महिन्याच्या 1 तारखेला पीडीएफ तुम्हीच उघडून बघा. तुमच्याइतकं बारकाईने कुणी वाचत नाही, बाबा.

मेल तुम्हाला आणि मला, दोघांनाही येईल. आला की मी फोन करेनच. त्यात ओटीपी किंवा खातं नंबर मागितला, तर तो आपला मेल नव्हे, लगेच मला सांगा. मेलमधल्या लिंकवर बोट लावू नका. वहीच्या पहिल्या पानावर मी साइटचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, तोच टाका. आई, पहिले काही दिवस तू स्पॅममध्येही डोकावत जा.

आणि बाबा, सकाळी सात वाजता तुम्ही स्क्रीनसमोर बसता म्हणून आई ज्वेलच्या बागेत एकटीच फिरायला जाते. उद्यापासून तिच्याबरोबर जा.

रविवारी येतेय.

तुमची,
मनू