घर पाडायच्या आधी एकदा इथे ये

माथेरान, एप्रिल अखेर

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

देवरुखचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं चाललंय असं तू फोनवर म्हणालास, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. म्हणून मी जिथे उतरलोय त्या घराबद्दल सविस्तर लिहितो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला बंगला आहे. मागच्या बाजूला मालक राहतात, पुढच्या खोल्या निवास-न्याहारीसाठी देतात.

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून आला. त्याच्यामागोमाग मुंबईचे साहेब आले, मग पारशी-बोहरी शेटजी, आणि उन्हाळ्यासाठी बंगले उठले. नेरळची छोटी गाडी सुरू झाली १९०७ मध्ये. त्याआधीच्या या घराचं सगळं सामान जनावरांच्या नाहीतर माणसांच्या पाठीवरून वर आलं. मोटारी आजही दस्तुरी नाक्यालाच थांबतात. सिमेंटची गोणी वर आणणं महाग पडतं, आणि मला तरी वाटतं, त्यामुळेच असली घरं वाचली.

भिंती जांभ्याच्या, तुमच्यासारख्याच. तीन बाजूंनी व्हरांडा आणि छप्पर इतकं खाली उतरवलेलं की पावसाची झड भिंतीपर्यंत पोचतच नाही. खिडक्यांना लाकडी पट्ट्या. मधली दांडी खाली ओढली की सगळ्या एकदम मिटतात. भर दुपारी आत पंखा लावावासा वाटला नाही.

सध्या शाकारणी चालू आहे. मालक, सत्तरीचे काका, स्वतः अंगणात बसून उतरवलेलं एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघतात. खणखणीत वाजलं तर परत वर, बद्द वाजलं की बाजूला. मी तासभर नुसता बघत होतो रे! फुटलेली टाकायची नाहीत, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, कडेला भर घालायला लागतात म्हणाले.

तुला मुद्दाम सांगायचं ते हे: मूळ भिंतीला हात न लावता त्यांनी बाथरूम मागच्या पडवीत काढली आहेत. शाकारणी आणि लाकडाला तेल, दोन्हीचा खर्च खोल्यांच्या भाड्यातून निघतो. सकाळी काकू अकुरी (पारशी पद्धतीची अंडी) आणि पाव देतात, समोर अंजनीच्या झाडावर शेकरू दिसतं, आणि लोक पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या ओटीला, माजघराला हे का जमू नये? आजोबांनी निवडून घेतलेलं सागवान आहे ते, मंदार. एकदा भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं की गेलं.

दादालाही घेऊन ये, निर्णय त्याचाही आहे. जूनच्या मध्यापासून नेरळची गाडी बंद होते, मग दस्तुरीपर्यंत टॅक्सीने येऊन अमन लॉज स्टेशनहून शटल गाडी धरावी लागते, त्याआधीच जमव. येताना आढ्याचे आणि वाशांचे जवळून फोटो काढून आण, वाळवी कुठवर पोचलीय ते काका बघून सांगणार आहेत. त्यांच्याशी बोलून ठेवलंय.

तुझा,
अविनाश