दोन रकाने मांडून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘स्पायना बायफिडा’ हे शब्द ज्यांच्या हातात पडतात त्यांनाही तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते कळावं. तुमचं नाव घालत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातले ओळखतील ते ओळखतील.

बाळाचा मणका कमरेपाशी मागून उघडा राहिलाय, मेंदूचा मागचा भाग खाली ओढला गेलाय, हे डॉक्टरांनी आम्हाला नीट सांगितलं होतं. पण तेवढ्यात अमेरिकेतल्या भाऊजींनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला 2011 सालचा शोधनिबंध पाठवला, वर एक ओळ लिहून: बाळ पोटात असतानाच ऑपरेशन केलं तर चालण्याची शक्यता दुप्पट. त्या ‘दुप्पट’नं घरात ठाणच मांडलं. सासूबाई दागिने मोडायला निघाल्या. मला रात्ररात्र वाटे, एवढं समोर दिसत असून मी नाही म्हटलं तर मी कसली आई?

तुम्ही आधीच बजावलंत की तुम्ही संख्याशास्त्राचे मास्तर, वैद्यकातलं तुम्हाला कळत नाही. तरी निबंध मागून घेतलात, तळटिपांसकट वाचलात आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना खाली बोलावलंत. पाठकोऱ्या कागदावर तुम्ही पेन्सिलीनं दहा ओळींत दहा-दहा गोल काढलेत. त्यातले 42 भरलेत. “गर्भातच शस्त्रक्रिया झालेली शंभर मुलं धर. अडीच वर्षांची झाली तेव्हा इतकी आधाराशिवाय चालत होती. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत 21. दुप्पट खरंच आहे.” मग पेन्सिल रिकाम्या गोलांवरून सावकाश फिरवलीत. “आणि ही 58 पण बघ.”

तोवर ती 58 मुलं आम्हाला कोणीच दाखवली नव्हती.

पुढे शंटचा हिशेब मांडलात. मेंदूत साचणारं पाणी पोटात उतरवणारी ती नळी वर्षभराच्या आत गर्भातल्या शस्त्रक्रियेनंतर 40 टक्के मुलांना बसवावी लागली, जन्मानंतरच्या शस्त्रक्रियेत 82 टक्क्यांना. हा फायदा तुम्ही जराही कमी करून सांगितला नाहीत. पाठ लवकर बंद झाली की पाण्याची गळती थांबते, खाली ओढलेला मेंदूचा भाग वर सरकायला वाव मिळतो, हे कारणही निबंधातूनच समजावलंत. फरक इतका स्पष्ट होता की ठरवलेल्या 200 जणी पूर्ण होण्याआधीच, 183 वर, तो अभ्यास थांबवला गेला.

मग कागदाच्या उजव्या बाजूला दुसरा रकाना आखून वर लिहिलंत, ‘आई’. गर्भाशय उघडून केलेलं ऑपरेशन, म्हणजे या बाळंतपणात सिझेरियन आणि पुढच्या प्रत्येक वेळीही सिझेरियनच. प्रसूतीच्या वेळी साधारण तिघींत एकीच्या गर्भाशयावरचा टाका पातळ झालेला किंवा उसवलेला. बाळं सरासरी 34 आठवड्यांत जन्मली, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटात 37. गर्भात शस्त्रक्रिया झालेल्यांतली 13 टक्के तर 30 आठवड्यांच्याही आधी. काका, घरात इतके दिवस चर्चा चालली होती, पण माझ्या शरीराचा रकाना तुम्ही आखलात तेव्हा पहिल्यांदा आखला गेला.

आणि मग तुम्ही विचारलंत, “थोरला कितव्या महिन्यात झाला होता?” आठव्यात, आपोआप कळा येऊन. तुम्ही निबंधाचं पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलंत. ज्यांची आधीची प्रसूती अशी वेळेआधी झाली होती, त्या बायकांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. “हे आकडे खरे आहेत,” तुम्ही म्हणालात, “पण तुझ्यासारख्या कोणाचे नाहीत. हे डॉक्टरांना विचार. मी एवढंच सांगू शकतो.” काय करा, हे शेवटपर्यंत बोलला नाहीत. डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही तेच कारण पुढे ठेवलं, आणि आम्ही जन्मानंतरची शस्त्रक्रिया ठरवली. ठरवलं ते रडून, पण समजून.

लेकीची पाठ जन्माच्या दुसऱ्या दिवशी शिवली. पुढे शंट बसला. ठरावीक तासांनी नळीनं लघवी काढावी लागते, ते आता घरात सगळ्यांना येतं, सासूबाईंनाही. पायांना आधाराचे कॅलिपर लावून ती ओट्यावरून तुमच्या दारापर्यंत येते, हे तुम्ही रोज बघताच. त्याच अभ्यासातल्या मुलांची शाळकरी वयातली पाहणी 2020 मध्ये आली, ती तुम्हीच आणून दिलीत. गर्भात शस्त्रक्रिया झालेल्यांचं चालणं तेव्हाही सरस होतं, पण एकूण रोजच्या व्यवहारात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नव्हता. ते पान हातात देताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी ठीक होते, काका. आजही आहे.

आता एक विनंती. मांजलपूरचं एक जोडपं परवा भेटलं. पहिलंच बाळंतपण, एकविसावा आठवडा, तसाच रिपोर्ट. माझ्यासारखी अडचण तिला नाही, त्यामुळे तिचा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा निघू शकतो, आणि माझं बघून तिनं ठरवावं असं मला मुळीच वाटत नाही. त्या अभ्यासात शस्त्रक्रिया 26 आठवड्यांच्या आतच होत होत्या, म्हणजे तिच्याकडे वेळ थोडा आहे. डॉक्टरांची वेळ त्यांनी घेतली आहे. त्याआधी रविवारी सकाळी त्यांना तुमच्याकडे घेऊन येऊ का? पाठकोरे कागद मी आणते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची