कोंबड्या आणायच्या आधी एवढं बघ

मित्रा,

तुझा मेसेज वाचला, परसात कोंबड्या पाळायचं ठरवलंस, फार बरं वाटलं! पण खुराडं बांधायला अजून घेऊ नकोस, आधी नियम लेखी हातात घे. पालिकेच्या ऑफिसात कुणीतरी फोनवर 'चालतं हो' म्हणालं एवढ्यावर राहू नको, उद्या शेजाऱ्याने तक्रार केली की तोंडी परवानगीला कोण विचारतं? आणि पालिकेचे नियम वेगळे, सोसायटीचे वेगळे, घर भाड्याचं असेल तर करारही बघावा लागतो, एकाने हो म्हटलं तरी दुसरा अडवू शकतो.

किती पक्षी चालतात ते विचार, परवाना लागतो का तेही, आणि खुराडं किती लांब हवं हे विचारताना अंतर कुठून मोजतात ते नीट विचार, शेजाऱ्याच्या घरापासून की कुंपणापासून, कारण छोट्या परसात सगळं तिथेच अडतं.

बऱ्याच शहरांत कोंबड्याला बंदी असते, पहाटे अंधारातच आरवायला लागतो ना. अंड्यांसाठी तो लागतही नाही, फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. खरी गोची पिल्लं आणलीस तर होते, नर कुठला मादी कुठली आपल्याला कळत नाही आणि दोन-तीन महिन्यांनी त्यातलंच एखादं लाल तुरा मिरवत, मान ताणून घोगऱ्या आवाजात आरवायला लागतं, तोवर पोरांनी त्याचं नावही ठेवलेलं असतं! म्हणून सरळ तलंगाच, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्याच आण, त्याही निदान तीन, एकटी कोंबडी रमत नाही.

आणि संख्येची मर्यादा असेल तर पहिल्याच फटक्यात भरू नकोस. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात पण कोंबडी पाच-आठ वर्षं सहज जगते, मग म्हाताऱ्या कोंबड्यांनीच कोटा भरलेला असतो आणि नवीन आणता येत नाही. घरी कापायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, तुला ते जमणारही नाही, मला माहितीये.

बाकी तक्रारी येतात त्या वासाच्या आणि उंदरांच्या. विष्ठा ओली राहिली की अमोनिया सुटतो, म्हणून खुराड्यात खाली पसरलेला भुसा कोरडा ठेव, खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घे, नेहमीच्या षटकोनी जाळीतून उंदीर आरामात आत येतो.

नियमांचा कागद मिळाला की फोटो पाठव, मग जागा ठरवू.

तुझाच