यादीतले एक नाव काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळातल्या घराणेशाहीवरचा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. आपल्याकडच्या संघटनांबद्दल त्यात जे म्हटले आहे त्यातला एकही शब्द खोडावासा वाटला नाही. पण शेवटी ‘परदेशातही हेच चालते’ असे म्हणत अमेरिकेच्या फुटबॉल संघाचा माजी मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) मायकेल ब्रॅडली याला एका ओळीत उरकले आहे: वडील प्रशिक्षक, म्हणून मुलगा संघात. ती ओळ खटकली.

संशयाला जागा आहे, हे आधीच कबूल करतो. अमेरिकेतल्या ‘एमएलएस’ या लीगचे क्लब नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात; २००४ च्या ड्राफ्टमध्ये मेट्रोस्टार्स क्लबने सोळा वर्षांच्या मायकेलला घेतले तेव्हा त्या क्लबचे प्रशिक्षक त्याचे वडील बॉब ब्रॅडलीच होते. निवड कितवी, तर छत्तिसावी. आमच्या कोल्हापुरात तर बाप ज्या तालमीकडून खेळला तिचीच जर्सी पोराच्या अंगावर चढते आणि पेठेला त्याचे कौतुकच असते. पोरगा मैदानात उघडा पडला, की मात्र तीच पेठ त्याला सोलून काढते.

तेव्हा बघायचे ते वडील जवळ नसताना काय केले ते. २००६ च्या जानेवारीत, अठराव्या वर्षी, तो हॉलंडमध्ये हीरेनवेनला गेला. २००७-०८ च्या हंगामात त्याने डच लीगमध्ये १६ गोल केले. स्ट्रायकरने नव्हे, मिडफिल्डरने. मग जर्मनीत मोन्शेनग्लाडबाख, मध्ये काही महिने इंग्लंडात ॲस्टन व्हिला (तिथे त्याला फारसे खेळवलेच नाही), पुढे इटलीत किएवो आणि रोमा. ऑक्टोबर २०१३ मध्ये उदिनेझेच्या मैदानावर रोमाचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, स्कोअर ०-०. घोट्याच्या दुखापतीतून नुकताच उठलेला ब्रॅडली बदली म्हणून आत आला आणि ८२ व्या मिनिटाला त्यानेच गोल केला. हंगामातला रोमाचा तो सलग नववा विजय. इटलीत अमेरिकेतल्या वडिलांची चिठ्ठी कोण वाचतो?

राष्ट्रीय संघाचेही तसेच. मे २००६ मध्ये त्याला देशाकडून पहिला सामना खेळवला तो तेव्हाचे प्रशिक्षक ब्रूस अरीना यांनी. वडील त्या खुर्चीवर आले नंतर. २०१० च्या विश्वचषकात जोहान्सबर्गला स्लोव्हेनियाविरुद्ध अमेरिका मध्यंतराला ०-२ ने मागे होती. २-२ करणारा गोल मायकेलचा, तोही ८२ व्या मिनिटाला. तेव्हा वडील प्रशिक्षक होते, खरे आहे. पण २०११ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली आणि युर्गन क्लिन्समन आले. नवा साहेब आला की जुन्या साहेबाची माणसे आधी हलतात, हे कुठल्याही कचेरीत विचारा. इथे क्लिन्समन यांनी २०१४ च्या विश्वचषकात चारही सामने त्याला खेळवले. पुढे अरीना परत आले, तेव्हा तो कर्णधार होता. जून २०१७ मध्ये मेक्सिकोच्या अझ्टेका मैदानावर सहाव्याच मिनिटाला त्याने पास मध्येच अडवला, गोलकीपर ओचोआ पुढे आलेला पाहिला आणि लांबूनच चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळ्यात उतरवला. आम्ही ते पाच-सहा वेळा मागे नेऊन पाहिले. एकूण १५१ सामने, १७ गोल.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पात्रता सामन्यात त्रिनिदादकडून १-२ हरून अमेरिकेने २०१८ च्या विश्वचषकातली जागा घालवली. नुसती बरोबरीही पुरली असती. कर्णधार म्हणून ते बालंट त्याच्या माथी बसले, आणि त्यातला काही भाग त्याचाच होता. दोन महिन्यांनी त्याच्या टोरंटो संघाने (शहर कॅनडातले, पण क्लब एमएलएसमधलाच) अंतिम सामन्यात सिॲटलला २-० हरवून ती लीग जिंकली. २०१४ मध्ये तो तिथे गेला तेव्हा हा क्लब प्लेऑफमध्येही (साखळीनंतरच्या बाद फेरीत) कधी पोचला नव्हता. शेवटी शेवटी तिथेही वडील प्रशिक्षक म्हणून आले, पण तोवर मुलाला टोरंटोत जवळपास आठ वर्षे झाली होती. कोणी कोणाला चिकटवले ते लेखकाने ठरवावे.

म्हणून विनंती, त्या यादीतून हे एक नाव काढा. मोठ्या सामन्यात पेनल्टी चुकवणाऱ्यांवर कधी लेख करायचा झाला, तर खुशाल घाला. २०१६ चा लीगचा अंतिम सामना आणि २०१८ चा मेक्सिकोच्या ग्वादालाहाराविरुद्धचा कॉन्ककॅफ (युरोपातल्या नव्हे, उत्तर अमेरिकेकडच्या) चॅम्पियन्स लीगचा, दोन्ही शूटआउटमध्ये टोरंटो हरला आणि दोन्ही वेळा ब्रॅडलीची पेनल्टी वाया गेली. त्यावर माझी काहीच हरकत नाही.

आपला,
एक जुना सेंटर हाफ, कोल्हापूर