‘लग्नात तर चांगली हसत होती!’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘लग्नात तर चांगली हसत होती, घरी आल्यावर हिला काय झालं?’ बेळगाव-खानापूर भागातल्या घरांत ही तक्रार नेहमीची. डॉल्बीचा दणका, अत्तराचा वास, दर दोन मिनिटांनी ‘ओळखलंस का मला?’ हे पंचविशीतल्या मुलीनं दिवसभर हसऱ्या चेहऱ्यानं सोसलेलं असतं. घरी दार लागलं की रडणं, किंचाळणं, नाहीतर दोन दिवस तोंडातून शब्द नाही. मग दृष्ट काढतात, नाहीतर ‘लाडावलीय’ म्हणतात.

यामागे स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ही मेंदूची जन्मजात वेगळी घडण असू शकते. निदान झालेल्यांत एका मुलीमागे तीन-चार मुलगे दिसतात. याचं एक कारण म्हणजे मुली इतरांचं पाहून वागणं बसवतात, उत्तरं पाठ करून ठेवतात. मुलगेही करतात, पण मुलींकडून ते लहानपणापासून करून घेतलं जातं. हे लपवणं माणसाला आतून थकवतं. स्वमग्न प्रौढांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी चिंताविकार होतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे.

जवळपास निम्म्या स्वमग्न व्यक्तींना आपल्या भावनेला नाव देणं जड जातं. म्हणून भडका उडालेला असताना ‘काय झालं?’ विचारूच नका. ट्यूब, टीव्ही, मिक्सर बंद करा. एकानंच बोला, तेही दोन-तीन शब्दांत. न विचारता पाठीवर हात ठेवू नका. तास लागला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी वहीत टिपा: झोप, जेवण, पाळीची तारीख, कोणता आवाज होता; आणि छातीत धडधड, पोटात गोळा, जबडा आवळणं १ ते ५ मध्ये किती. पुढं ३ वर असतानाच उठून बाहेर जाता येतं.

‘सवय होईल’ म्हणून पुन्हा गर्दीत ढकलणं ही सर्वांत मोठी चूक. भीती सरावानं ओसरते, कानाला होणारा त्रास तसा ओसरेलच असं नाही. निघायची वेळ आधी ठरवा, कानात बोळे द्या, शांत खोली दाखवून ठेवा.

डॉक्टरांना कळकळीची विनंती: नुसती चिंतेची गोळी देऊन परत पाठवू नका, आईला मुलीच्या लहानपणाबद्दल विचारा, आणि मराठीत विचारा. मायबोलीतही जिला नाव सापडत नाही, ती भावना ती परक्या भाषेत कशी सांगणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सीमाभागातल्या सरकारी दवाखान्यांत प्रौढांसाठी मराठी प्रश्नावली ठेवावी. तोवर निदान टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकाची पाटी तरी मराठीत लावावी.

मानसिक आरोग्य क्षेत्रातले काही कार्यकर्ते, बेळगाव