घरी बांधलेल्या गाडीच्या स्टोरेज बॉक्सचे सदोष काम व सांगाड्याला पाडलेली भोके याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शीट मेटल फॅब्रिकेशन विभाग,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक

महोदय,

मी आणि माझ्या पुतण्याने घरी बांधलेल्या दोन सीटच्या गाडीसाठी आपल्याकडून तीन गोष्टी करून घेतल्या: सीटांमागचा हत्यारांचा डबा, दोन सीटांमधला कन्सोल आणि डॅशबोर्डखालचा कप्पा. गाडीला मारुती 800 चे 796 सीसीचे इंजिन मागच्या बाजूला बसवले आहे आणि नळ्यांचा सांगाडा आम्ही स्वतः जोडला आहे. तिची नोंदणी नसल्यामुळे ती सार्वजनिक रस्त्यावर जात नाही, दिंडोरीकडच्या आमच्या शेतातच चालते. तिथे रस्ता असा नाहीच. चर, ढेकळे आणि बांध यांवरून ती जाते, म्हणून आत बसवलेली प्रत्येक वस्तू घट्ट हवी, हे ऑर्डर देताना मी आपल्या फोरमनना समक्ष सांगितले होते.

तोंडी सांगून मी थांबलो नव्हतो. पुतण्या सातपूरच्या आयटीआयत फिटरचे शिक्षण घेतो आहे. त्याने प्रत्येक डब्याचा पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीत बसवून पाहिला, मग ड्रॉइंग काढले. त्यावर लिहिले होते: 2 मिमी जाडीचा 5052 ग्रेडचा अॅल्युमिनियम पत्रा, कडा आत दुमडलेल्या, झाकणाला पियानो बिजागरी (झाकणाच्या पूर्ण लांबीची एकच बिजागरी) आणि ओढून घट्ट बसणारा लॅच. सांगाड्याला डबा धरण्यासाठी रबर लावलेले दोन भागांचे क्लॅम्प. तळाशी 'नळीला भोक पाडू नये' अशी ठळक सूचना होती. त्या ड्रॉइंगवर आपल्या माणसाची सही आहे.

गाडी परत आली तेव्हा पावडर कोटिंग देखणे होते. धुतल्यावर हत्यारांच्या डब्याच्या बेंडवर बाहेरून केसासारख्या रेषा दिसल्या. कोटिंग खरवडले तर पत्राच तडकलेला निघाला. फोनवर फोरमन म्हणाले, "5052 शिल्लक नव्हता, 6061-टी6 वापरला. तो जास्त मजबूत असतो." मजबूत असतो हे खरे आहे, आणि म्हणूनच तो इथे चालत नाही. टी6 टेम्परचा, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला, पत्रा इतक्या तंग रेडियसवर (वळणाच्या त्रिज्येवर) वाकवला की बाहेरच्या बाजूने तडा जातो. त्याला जाडीच्या तिप्पट-चौपट रेडियस द्यावा लागतो. 5052 त्यामानाने सहज वळतो, म्हणून तर असे डबे त्यात करतात. पत्रा बदलायचाच होता तर एक फोन करायला हवा होता. बिलावर मात्र आजही 5052 च लिहिलेले आहे.

याहून गंभीर बाब डबा ज्या नळीला धरला आहे तिची आहे. ही डोक्यामागची कमान आहे. गाडी उलटली तर आम्हा दोघांची डोकी हीच नळी वाचवणार. तिच्यात आपल्या फिटरने 8 मिमीची आरपार भोके पाडून बोल्ट मारले, तेही नळीच्या वळणाजवळ, जिथे ताण सर्वांत जास्त येतो. क्लॅम्प वापरलेच नाहीत. आता भोकातून पाणी आत जाईल आणि नळी आतून गंजेल, बाहेरून कळणारही नाही. शिवाय अॅल्युमिनियम थेट लोखंडाला टेकले आहे. पावसाळ्यात ओल राहिली की अशा जोडातला अॅल्युमिनियम पत्रा झिजत जातो. मधल्या रबराचे काम तेच होते.

भोके वेल्डिंगने बुजवून देतो, हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूचे गुण बदलतात आणि या नळीवर मी असे ठिगळ ठेवणार नाही. कमान बदलावी लागेल.

झाकणाला लॅचऐवजी कपाटाच्या दाराला लावतात तो मॅग्नेट कॅच आहे. पहिल्याच चरात झाकण उघडले. डब्यात जॅक, पाने आणि टॉमी (लोखंडी दांडा) मिळून साधारण 10 किलोचे सामान असते. गाडी आदळून वेग एकदम तुटला आणि मंदन 20 जी पर्यंत (गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट) गेले, तर हेच सामान 200 किलो वजनाच्या जोराने पुढे येते, आणि पुढे आमच्या माना आहेत. कन्सोलच्या कडा दुमडलेल्या नाहीत, कापताना कडेवर राहिलेली धातूची धारदार कूसही (बर) काढलेली नाही. त्या धारेने वायरिंगची स्लीव्ह कापली गेली आहे. डॅशखालचा कप्पा नीट झाला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. हत्यारांचा डबा आणि कन्सोल ड्रॉइंगप्रमाणे 5052 मध्ये नव्याने करून द्यावेत, सोबत पत्र्याचे मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट द्यावे. कमान बदलण्याचा आणि वायरिंग दुरुस्तीचा खर्च आपण द्यावा. वेल्डर मी निवडेन. फिटिंगसाठी घेतलेली रक्कम परत करावी.

या पत्राला 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. गाडी माझ्या स्वतःच्या वापरासाठी आहे, व्यवसायासाठी नाही, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी ग्राहक ठरतो. उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

सही केलेले ड्रॉइंग, बिल, तडे आणि भोके यांचे फोटो सोबत जोडले आहेत. पाहणीसाठी माणूस पाठवायचा असल्यास आधी फोन करावा. मी हजर नसताना गाडीच्या कोणत्याही भागाला हात लावू नये.

आपला,
एक ग्राहक
नाशिक