चांपानेरला सायकल लावायची कुठे?

महोदय,

गेल्या रविवारी आम्ही तिघे पहाटे साडेचारला बडोद्याच्या दांडिया बाजारातून सायकलने निघालो ते थेट चांपानेर. साधारण 50 किलोमीटर. हालोलचा रस्ता ट्रकवाल्यांचा, तिथे जीव मुठीत धरूनच पेडल मारावं लागतं. पण गाव यायच्या आधी रस्त्यालगतची वर्तुळाकार वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, लागते, तिथे सगळा शीण जातो. विहिरीच्या भिंतीला चिकटून पायऱ्या गोल गोल खाली उतरतात. तळाशी शेवाळलेलं पाणी आणि त्यात आभाळाचा थाळीएवढा तुकडा!

गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने 1484 मध्ये पावागडचा डोंगरी किल्ला घेतला आणि पायथ्याशी चांपानेरला राजधानी वसवली. 1535 मध्ये हुमायून चालून आला, नंतर राजधानी परत अहमदाबादला गेली आणि इथे रान माजलं. पन्नास वर्षांत शहर वसलं काय आणि ओस पडलं काय! माणसं गडावर कालिकामातेला जातात, रोपवेला रांगा लावतात. खाली केवडा मशिदीत आम्ही तिघे आणि पोपट. मिनाराच्या पायथ्याची नक्षी अगदी बोट लावून पाहता येते. (लावू नये, हे मान्य.)

ही जागा सायकलचीच. अवशेष पांगलेले, मधले रस्ते कच्चे. पण आम्हाला सायकल कुलूप लावून ठेवायला साधा लोखंडी दांडा सापडला नाही. शेवटी कडुलिंबाला साखळी घातली, बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं ते वेगळंच. 2004 पासून जागतिक वारसा असलेल्या ठिकाणी एक सायकल स्टँड आणि हवेचा पंप ठेवायला कितीसा खर्च येईल?

– एक सायकलस्वार, बडोदे